सिलिंडर उचलायला जोर-बैठका पुरतात का?

प्रश्न: वय 36. रोज सकाळी 60 जोर आणि 120 बैठका काढतो, दमही चांगला आहे. तरी गॅसचा भरलेला सिलिंडर दोन मजले चढवला की दुसऱ्या दिवशी कंबर धरते. बैठका वाढवू की जिममध्ये वजनं उचलू? – एक वाचक, सांगली

उत्तर: बैठका वाढवू नका. ओळीने 120 निघतात, म्हणजे त्या आता ताकदीच्या राहिल्या नाहीत, दमाच्या झाल्या. शिवाय जोर म्हणजे ढकलणं आणि बैठक म्हणजे गुडघ्यांतून बसणं. जमिनीवरून ओझं उचलताना मात्र बूड मागे नेऊन वाकावं लागतं आणि भार मांडीच्या मागच्या बाजूवर आणि कंबरेवर येतो. सिलिंडरमध्ये गॅसच 14.2 किलो, टाकीचं वजन धरून 30 किलोच्या आसपास. एवढा भार या स्नायूंवर तुमच्या व्यायामात कधीच येत नाही. इथे वजनाला पर्याय नाही.

आठवड्यातून दोनदा डेडलिफ्ट करा, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार हातांत धरून सरळ उभं राहायचं. 5-5 चे 3 सेट, म्हणजे ओळीने 5 वेळा, असं तीनदा, सुरुवात 30 किलोने. ऑलिंपिक बारच (जिममधली लांब लोखंडी दांडी) 20 किलोचा असतो, त्याला दोन्ही टोकांना 5-5 किलोच्या लहान प्लेट (वजनाच्या चकत्या) लावल्या की बार फार खाली राहतो आणि पाठ गोल होते. नवशिक्यांची कंबर बहुधा इथेच धरते. प्लेटखाली लाकडी ठोकळे ठेवून बार जमिनीपासून 22 सेंटिमीटरवर आणा. बार पावलांच्या मध्यावर हवा. तो पकडल्यावर नडगी बारला टेकवा, छाती काढा, पोटात श्वास भरून रोखा आणि पायांनी जमीन दाबत उठा. बार पायांना घासतच वर आला पाहिजे. बूड आधी वर आलं आणि छाती खालीच राहिली, तर वजन जास्त आहे किंवा बार पुढे गेलाय. पाचही नीट निघाले की पुढच्या वेळी 2.5 किलो वाढवा.

जोर मात्र अजिबात सोडू नका. खांदे, छाती आणि पोट एकत्र राबवणारा इतका चांगला व्यायाम बेंचवर पडून वजन ढकलून मिळत नाही. ओढण्याचं काम पुल-अपने, म्हणजे दांडीला लटकून अंग वर ओढून, भरून काढा. जमत नसेल तर स्टुलावर चढून हनुवटी दांडीच्या वर आणा आणि 5 सेकंद घेत खाली या, असं 5 वेळा. बैठकांच्या जागी गुडघ्याएवढ्या बाकावर एका पायाने चढा, दर पायाने 8 वेळा. खालच्या पायाने उसळी मारलीत तर निम्मं काम तोच करून टाकतो.

दुखणं पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर हे सगळं डॉक्टरांना दाखवल्यानंतरच.

प्रश्न: गावात जिम नाही. मग काय करावं? – एक वाचक, जत

उत्तर: साडेबारा लिटर कोरडी वाळू साधारण 20 किलो भरते. ती जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून गोणीत घाला. गोणी गच्च भरू नका. आत वाळू सरकली की पकड आणि धड दोन्हींचा कस लागतो, धान्याचं पोतं उचलताना लागतो तसाच. जमिनीवरून छातीशी घ्यायची, 20 पावलं चालायचं, वाकून पण पाठ सरळ ठेवून खाली ठेवायची. अशा 5 फेऱ्या. सहज जमू लागलं की 2 किलो वाळू वाढवा.