ह्यूस्टनमध्ये घर बघताना आधी माती आणि पाणी बघा

तुमच्या मिस्टरांची नोकरी मेडिकल सेंटरमध्ये, दोन शाळकरी मुलं, गुडघ्यांनी हैराण झालेल्या सासूबाई, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघायच्या आत ठरवायचंय की हाइट्समधला जुना बंगला घ्यावा, लूपच्या (मध्य शहराभोवतीच्या ६१० या गोल महामार्गाच्या) आतलं नवं टाउनहाऊस, की सगळे सांगतात तसं शुगर लँडचं मोठं घर. शिवाय बेसमेंट कुठल्या भागात मिळेल हेही विचारलंत. मला ह्यूस्टनमध्ये वीसेक वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं मी अशा घरात काढली, ज्यात दोनदा पाणी शिरलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बेसमेंट विसरा. इथे भूजल फार वर आहे आणि माती चिकण. शहराच्या बऱ्याच भागात जिला 'गंबो' म्हणतात ती काळी माती थेट आपल्याकडच्या कपाशीच्या जमिनीसारखी: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यात शहर सपाट, आणि पाणी वाहून न्यायला फक्त बायू, म्हणजे संथ ओढे. इथली घरं कशी बांधली गेली ते या तीन गोष्टींवरून कळतं, त्यामुळे खिडक्या-दारांच्या शैलीआधी घर जमिनीवर कसं उभं आहे ते बघायची सवय लावा.

जुन्या लोकांना हे कळत होतं. हाइट्स १८९१ साली वेगळं गाव म्हणून वसवलं, ते डाउनटाउनपेक्षा सुमारे २३ फूट उंचावर, नावही त्यावरूनच. तिथले बंगले लाकडी खांबांवर आणि तुळयांवर उभे आहेत, जमिनीपासून दीड-दोन फूट वर. खालून हवा खेळते, आणि घर एका बाजूला कललं तर खांबाखाली पाचर मारून सरळ करता येतं. एक सांगून ठेवते: इथला 'बंगलो' म्हणजे आपला बंगला नव्हे. एकमजली किंवा वर पोटमाळ्याएवढी एखादी खोली, पुढे रुंद पडवी, आत छोट्या खोल्या. शब्द मात्र आपल्याच 'बंगल्या'वरून गेला. थर्ड वॉर्डात शॉटगन घरंही अशीच उचललेली, खोलीमागे खोली, मधे बोळ नाही. कृष्णवर्णीय वस्तीतली अशी २२ घरं १९९३ पासून प्रोजेक्ट रो हाउसेस या कलाप्रकल्पाने जपली आहेत. घर घेणार नसलात तरी बघून या, शहर समजतं.

पन्नाशीच्या दशकात सगळं बदललं. एसी आला, मोटारी आल्या, आणि मायरलँड, शार्प्सटाउन, वेस्टबरी अशा वस्त्या उभ्या राहिल्या. लांबट, बसकी, विटांची रँच घरं, थेट जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या स्लॅबवर. राहायला याइतकं सोयीचं घर नाही. एकही पायरी नाही, मोठं अंगण, पेकानची झाडं. आम्ही २००६ मध्ये ब्रेज बायूजवळ असंच एक घेतलं, कारण तिथून मेडिकल सेंटर पंधरा मिनिटांवर होतं. पुराबद्दल आम्ही विचारलं नाही, एजंटनेही सांगितलं नाही.

२०१५ च्या मे महिन्यात मेमोरियल डेच्या रात्री पाणी आलं. मला वाटायचं, पाणी दारातून येतं. ते आलं भिंतीतून. विटांच्या खालच्या ओळीत भिंतीतली ओल बाहेर पडावी म्हणून छोटी भोकं ठेवलेली असतात. तिथून आत शिरून ते भिंतीच्या तळच्या लाकडी पट्टीखालून, आवाज न करता, सगळ्या खोल्यांत एकदम पसरलं. पुढच्या आठवड्यात भिंतींचं ड्रायवॉल (आतून लावलेले जिप्समचे तक्ते) चार फुटांपर्यंत कापून रस्त्याकडेला टाकलं. प्रत्येक घरासमोर तसाच ढीग. दुरुस्ती केली. २०१६ च्या पुरात आम्ही थोडक्यात वाचलो. २०१७ ला हार्वे चक्रीवादळ आलं तेव्हा घरात गणपती होते. चतुर्थी शुक्रवारी झाली आणि शनिवारी रात्री बायू रस्त्यावर आला. मूर्ती ओट्यावर ठेवली, समई विझवली आणि मुलांना घेऊन शेजारच्या दुमजली घरात गेलो. त्यानंतर ते घर आम्ही जमिनीच्या भावात विकलं.

आता त्या गल्लीत गेलात तर एकाशेजारी एक अशी तीन प्रकारची घरं दिसतील: जुनं रँच, स्लॅबसकट जॅकवर उचललेलं रँच, आणि पाच-सहा फूट चौथऱ्यावर बांधलेलं नवं घर. शहराने २०१८ मध्ये नियम केला की पूररेषेतलं नवं बांधकाम ५०० वर्षांच्या पुराच्या (कुठल्याही वर्षी पाचशेत एक शक्यता असलेल्या पुराच्या) पातळीहून दोन फूट वर हवं. म्हणजे जुन्या बंगल्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलेलं पुन्हा शिकलो.

टाउनहाऊसबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्यासाठी नको. १९९८ मध्ये लूप ६१० च्या आत प्लॉटचं किमान क्षेत्रफळ ५,००० वरून १,४०० चौरस फुटांवर आणलं, आणि एका बंगल्याच्या जागी तीन-चार उभी, अरुंद घरं येऊ लागली. खाली गॅरेज, दुसऱ्यावर स्वयंपाकघर, तिसऱ्यावर झोपायच्या खोल्या. सासूबाईंनी चहासाठी जिना चढायचा का? पाण्याच्या दृष्टीने मात्र ती बरी. पूर आलाच तर गॅरेजात येतो.

इथे झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं हे ठरवणारा कायदा, नाही हेही न्यू जर्सीहून येणाऱ्याला चमत्कारिक वाटतं. १९४८, १९६२ आणि १९९३ अशा तीन वेळा लोकांनी मतदानात नाकारलं. त्याऐवजी वस्तीच्या खरेदीखतातच अटी असतात: इतकं अंतर सोडा, एकच कुटुंब राहील, दुकान काढायचं नाही. रिव्हर ओक्स शंभर वर्षं तसंच देखणं राहिलं ते या अटींवर. ज्या गल्लीत अटी नाहीत किंवा संपल्या, तिथे तुमच्या बंगल्याशेजारी टायरचं दुकान किंवा चारमजली भिंत उभी राहू शकते. कागद मागून वाचा.

आता शुगर लँड, केटी, पेअरलँड. आपली माणसं बहुतेक इथेच आहेत, शाळा चांगल्या, घरं मोठी. पुढे विटा, वर उंच छपरं, मागे छोटं अंगण. पण नुसतं उपनगराचं नाव ऐकून भुलू नका. शुगर लँडच्या बऱ्याच वसाहतींना ब्राझोस नदीपासून बांध आहेत, त्यांचा वेगळा कर असतो. केटीकडे बार्कर आणि अ‍ॅडिक्स हे चाळिशीच्या दशकातले दोन पूरतलाव आहेत. एरवी कोरडे, बागेसारखे. हार्वेत ते भरले आणि त्यांच्या काठाशी बांधलेल्या घरांत पाणी परतलं, नंतर दरवाजे उघडल्यावर खालच्या बाजूच्या घरांतही गेलं. नव्या वसाहतींत पाणी-गटारासाठी मड नावाचा जिल्हा असतो, त्याचाही कर. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही म्हणून खूश व्हाल, पण घरपट्टी सगळी मिळून किमतीच्या दोन ते तीन टक्के भरते. मासिक हप्ता काढताना ती आधी धरा.

तुमच्या जागी मी असते तर पहिलं वर्ष मेडिकल सेंटरच्या दक्षिणेला भाड्याने राहिले असते, मग पेअरलँड किंवा मिसुरी सिटीत एकमजली घर शोधलं असतं. पेअरलँडहून २८८ महामार्गाने सरळ जाता येतं. शुगर लँडहून सकाळी पाऊण तास ते एक तास धरा. हाइट्स मला मनापासून आवडतं, पण तिथला जुना बंगला म्हणजे दर काही वर्षांनी खांब, वायरिंग, पाइप. त्याची हौस असेल तरच.

घर बघायला जाताना खिशात गोटी ठेवा. स्वयंपाकघराच्या फरशीवर सोडा. घरंगळत एकाच कोपऱ्यात जात असेल तर स्लॅब खचलाय. दारांच्या वरच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा, न लागणारी दारं, विटांत जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची फट, हीसुद्धा त्याचीच लक्षणं. उन्हाळ्यात शेजारी भिंतीलगत छिद्रांचा पाइप लावून मातीला पाणी घालताना दिसले तर हसू नका. माती आक्रसू नये म्हणून घालतात. गॅरेजच्या भिंतीवर चार फुटांवर रंगाचा किंवा ड्रायवॉलचा जोड दिसला, तर का ते विचारा. २०१९ पासून विकणाऱ्याला आधीच्या पुराची माहिती लेखी द्यावी लागते. ती घ्याच, शिवाय शेजाऱ्याचं दार वाजवा. ते खरं सांगतात. जोत्याच्या उंचीचा दाखला मागा. ऑप्शनच्या मुदतीत (करारानंतर सौदा सोडता येतो त्या दिवसांत) फाउंडेशनसाठी वेगळा इंजिनिअर बोलवा, नेहमीच्या तपासणीवर थांबू नका.

नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. तो वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी योजनेत नवा घेतला तर साधारण ३० दिवसांनी लागू होतो. नकाशात घर पूररेषेबाहेर असलं तरी घ्या. आमच्या ओळखीतली हार्वेत बुडालेली कितीतरी घरं नकाशाबाहेरचीच होती.

आणि सासूबाईंना सांगा, मीनाक्षी मंदिर पेअरलँडलाच आहे.