आधी बोट, मग सायकल

प्रश्न : आम्ही दोघे पन्नाशीचे. सप्टेंबरात ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्यात जातोय. डॅन्यूबवरची बोट, सायकल आणि वाईन एकाच दिवसात जमेल का?

उत्तर : आरामात जमेल, पण क्रम चुकवू नका. सकाळी खोऱ्याच्या पूर्व टोकाच्या क्रेम्सहून भाड्याच्या सायकलींसह बोटीने पश्चिम टोकाच्या मेल्कला जा. प्रवाहाविरुद्ध असल्याने सुमारे तीन तास लागतात, उलट दिशेने याच्या जवळपास निम्मे. सायकलीची जागा मर्यादित असते, ती तिकिटाबरोबरच राखून ठेवा. परतीचे सुमारे ३६ किलोमीटर सायकलने करा. प्रवाहाच्या दिशेने, आणि वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे पाठीशी.

मेल्कहून दक्षिण काठ धरा, तिकडे वर्दळ कमी. आर्न्सडॉर्फला फेरीबोटीने पलीकडे श्पिट्झला उतरा. ही फेरीबोट तारेला बांधलेली, केवळ प्रवाहाच्या जोरावर चालते, बघण्यासारखीच आहे. मात्र पूर आला की ती बंद राहते, आणि मेल्क ते क्रेम्सच्या मधे एकही पूल नाही. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी कराच, नाहीतर क्रेम्ससमोरच्या माउटर्नच्या पुलापर्यंत दक्षिणेलाच राहावे लागू शकते.

श्पिट्झपुढे वायसेनकिर्शेन, ड्युर्नश्टाइन अशी द्राक्षमळ्यांची गावे लागतात. ड्युर्नश्टाइनच्या फरसबंदीवर सायकल हातात धरून चाला. वाईन शेवटी, क्रेम्सला सायकल परत केल्यावर. दारावर हिरव्या डहाळ्यांची जुडी टांगलेली असेल, तर मळेवाल्याची वाईनशाळा उघडी आहे असे समजा. ग्र्यूनर फेल्टलिनर ही इथली पांढरी वाईन मागवा, १२५ मिलीचा पेला पुरे.