मुलीच्या शाळेच्या फॉर्मवरचा ‘रेस’चा रकाना आणि अमेरिकेतली जनगणना

नमस्कार. जूनमध्ये तुम्ही पुण्याहून न्यू जर्सीला निघणार आहात, मुलगी तिसरीत जाणार आहे. शाळेच्या ऑनलाइन नोंदणीत ‘एथ्निसिटी’ आणि ‘रेस’ असे दोन प्रश्न आले आणि ते भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिथे काय भरायचं, रिकामं ठेवलं तर चालतं का, जनगणनेतही हेच विचारतात का, ही माहिती व्हिसावाल्यांकडे जाते का, हे तुमचे प्रश्न. शेवटी एका ओळीत एकटेपणाबद्दलही विचारलंय.

व्हिसा, लसींची यादी, भाडेकरार यांबद्दल मी लिहीत नाही, ते सरकारी पानांवर नीट दिलेलं आहे. या दोन रकान्यांबद्दल मात्र कुणी धड सांगत नाही. आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं इथे काढूनही हा प्रश्न माझ्या मनात मिटलेला नाही. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी ‘एथ्निसिटी’. आपल्याला वाटतं इथे भारतीय, हिंदू, मराठी असं काहीतरी लिहायचं. तसं नाही. १९९७च्या केंद्रीय नियमानुसार या शब्दाचा इथे एकच अर्थ आहे: तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात की नाही. तुमचं उत्तर ‘नाही’. हा प्रश्न आपला नाही असं समजून लोक तो सोडून देतात आणि तिथेच फॉर्म अडतो.

मग ‘रेस’. १९९७च्या यादीत पाच गट आहेत: अमेरिकन इंडियन किंवा अलास्का नेटिव्ह, एशियन, ब्लॅक, नेटिव्ह हवाइयन व पॅसिफिक बेटांवरचे, आणि व्हाइट. जनगणनेच्या फॉर्मवर ‘इतर’ही असतो. तुमची खूण ‘एशियन’वर. ‘इंडियन’ शब्द दिसला म्हणून पहिल्या रकान्यावर बोट जाऊ देऊ नका. तो इथल्या मूळ आदिवासी जमातींचा रकाना आहे, जनगणनेच्या फॉर्मवर त्याच्याखाली जमातीचं नाव विचारतात. नवीन आलेल्यांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि सोशल सिक्युरिटीच्या (इथल्या सरकारी ओळख-क्रमांकाच्या) अर्जापासून ती सुरू होते, कारण तिथेही दोन्ही पर्याय जवळजवळ आहेत. फॉर्मवर ‘एशियन इंडियन’ असा वेगळा रकाना असेल तर तोच निवडा. आई-वडील वेगवेगळ्या वंशांचे असतील तर २००० सालापासून एकाहून जास्त खुणा चालतात.

मार्च २०२४मध्ये नियम बदलला. दोन्ही प्रश्न एकत्र करून सात गट केले, मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका हा गट नव्याने आला. पण प्रत्येक खात्याला बदलायला काही वर्षांची मुदत दिली आहे, त्यामुळे बराच काळ एका कचेरीत जुना फॉर्म आणि दुसऱ्या कचेरीत नवा, असं चालेल. दोन कागदांवर दोन तऱ्हेचे रकाने दिसले तर आपलं काही चुकलं असं समजू नका.

रिकामं ठेवलं तर? हे मात्र नीट वाचा. नोकरीच्या जागी हा प्रश्न ऐच्छिक असतो, सोशल सिक्युरिटीच्या अर्जावरही. शाळेत तसं नाही. पालकांनी उत्तर दिलं नाही, तर शेवटचा उपाय म्हणून शाळेतल्या माणसाने मुलाकडे बघून रकाना भरायचा, असा शिक्षण खात्याचा नियम आहे. १९६०पूर्वी जनगणनेचे प्रगणक दारात उभं राहून हेच करायचे, चेहरा बघून वंश लिहायचे. जनगणनेतून ती पद्धत गेली, शाळेत तिचा तुकडा उरला आहे. माझ्या मते मुलीचा रकाना परक्या माणसाने तिच्या रंगाकडे बघून भरण्यापेक्षा तुम्ही भरलेला हजारपट बरा. जनगणनेत जागा कोरी सोडली तरी ती कोरी राहत नाही. आधी जुन्या नोंदी बघतात, मग घरातल्या दुसऱ्या माणसाचं उत्तर, तेही नसेल तर शेजारच्या घरांवरून संगणक उत्तर भरतो.

आपण ‘एशियन’ का, हा प्रश्न तुम्हाला आज नाही तर उद्या पडेलच. १९२०, १९३० आणि १९४०च्या जनगणनेत भारतातून आलेल्या सगळ्यांचा वंश ‘हिंदू’ असा लिहिला जाई, मग तो माणूस शीख असो वा मुसलमान. १९२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सांगितलं की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीने हा गृहस्थ ‘व्हाइट’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते. नागरिकत्वाचं दार १९४६च्या कायद्याने उघडलं. १९७०च्या जनगणनेत आपण ‘व्हाइट’ मोजले गेलो. १९७७च्या केंद्रीय निर्देशात आशियाई गटात गेलो, आणि इथल्या भारतीय संघटनांनी पाठपुरावा केल्यावर १९८०मध्ये ‘एशियन इंडियन’ हा स्वतंत्र रकाना आला. साठ वर्षांत चार नावं, माणसं तीच. हे गट शास्त्रीय किंवा जैविक नाहीत, असं खुद्द केंद्रीय नियमच सांगतो. मुलीने विचारलं तर तिला हेच सांगा.

आता जनगणना. दर दहा वर्षांनी, १ एप्रिल ही संदर्भतारीख. व्हिसा कुठलाही असो, इथे राहणाऱ्या प्रत्येकाला मोजायचं असतं. चुका कुठे होतात? एका अपार्टमेंटमध्ये चार मुलं राहतात, भाडेकरार एकाच्या नावावर, तो स्वतःपुरता फॉर्म भरतो आणि बाकीचे तिघे गळतात. फॉर्म घराचा असतो, माणसाचा नाही. भाडेकरू म्हणून ज्याचं नाव आहे तो ‘पर्सन १’ आणि खाली घरातले सगळे. तान्ही मुलं सगळ्यात जास्त सुटतात, रुग्णालयातून आठवड्यापूर्वी घरी आलेलं बाळसुद्धा धरायचं. आजी-आजोबा काही महिन्यांसाठी भेटीला आले असतील तर मात्र ते मोजायचे नाहीत. धर्म विचारत नाहीत, अमेरिकी कायद्याने धर्माचा प्रश्न सक्तीने विचारता येत नाही. जात नाही, सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही, बँक खातं नाही. कुणी हे विचारलं तर तो भामटा आहे.

दहा वर्षं थांबावं लागेल असं मात्र नाही. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे नावाची पाहणी दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जाते. जाडजूड पाकीट येतं, नाव नसतं, फक्त पत्ता. फसवणूक समजून लोक ते फेकतात. ते खरं असतं आणि उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे. परतीचा पत्ता इंडियाना राज्यातल्या जेफरसनव्हिलचा आहे का ते बघा. यात जन्मदेश आणि नागरिकत्व विचारतात, व्हिसाचा प्रकार विचारत नाहीत.

आकडे छापून येतात तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२०मध्ये फक्त ‘एशियन इंडियन’ अशी खूण करणारे सुमारे ४४ लाख होते, आणि त्यासोबत दुसराही वंश सांगणारे धरले तर सुमारे ४८ लाख. वर्तमानपत्रं कधी पहिला आकडा देतात, कधी दुसरा, आणि लोक दोन्ही खोटे ठरवतात. दोन्ही बरोबर आहेत.

अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेतला भाषेचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी किती चांगलं येतं? पुण्यातली मराठी माध्यमात शिकलेली माणसं संकोचाने ‘चांगलं’वर खूण करतात. ‘खूप चांगलं’च्या खालचं प्रत्येक उत्तर ‘इंग्रजी मर्यादित’ या गटात मोजलं जातं, त्यामुळे इथे विनय नको. आणि भाषेच्या जागी ‘इंडियन’ लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. ‘मराठी’ लिहा. ठळक तक्त्यांत गुजराती, हिंदी, उर्दू, पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र ओळी आहेत. आपली ओळ आहे ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा’. ही ओळ वाचताना दर वेळी काहीतरी तुटतं. मोजणीतून प्रत्यक्ष काय मिळतं याचं उदाहरण न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आहे: तिथे जनगणना खात्याच्या आकड्यांवरून भारतीय भाषांना मतपत्रिकेत जागा देणं भाग पडलं आणि २०१३पासून बंगाली मतपत्रिका निघू लागल्या.

हाच भाषेचा प्रश्न तुम्हाला शाळेत आधी भेटेल. नोंदणीच्या वेळी ‘होम लँग्वेज सर्व्हे’ भरावा लागतो. तिथे ‘मराठी’ लिहिलं की शाळा आधी मुलीची कागदपत्रं तपासते आणि गरज वाटली तर इंग्रजीची चाचणी घेते. त्यात कमी गुण पडले तर तिला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या गटात घालतात आणि बाहेर पडेपर्यंत दरवर्षी परीक्षा. तुम्ही त्या वर्गाला नकार देऊ शकता, पण वार्षिक परीक्षा टळत नाही. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीला हे कशाला, असं वाटतं आणि पुष्कळ पालक सरळ ‘घरची भाषा: इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. हा मोह मला पूर्ण कळतो. तरी तसं करू नका. घरची भाषा म्हणजे लपवायची गोष्ट, हे मूल त्याच दिवशी शिकतं, आणि शाळेच्या नोंदीतून मराठी एका आकड्याने कमी होते. आपली भाषा तिथे सर्वांत आधी एक उणीव म्हणून नोंदली जाते, हे मला आजही सलतं, आणि खोटं लिहून तो सल जात नाही. त्यापेक्षा मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि इंग्रजी माध्यमाचा उल्लेख असलेलं मुख्याध्यापकांचं पत्र पहिल्याच दिवशी द्या. कागद तपासण्याच्या टप्प्यावर हेच उपयोगी पडतं.

माहिती कुठे जाते? जनगणनेची वैयक्तिक उत्तरं दुसऱ्या कुठल्याही खात्याला देता येत नाहीत. फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, नावांसकट नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात. १९५०च्या नोंदी २०२२मध्ये उघडल्या. पण तुमची शंका अगदीच निराधार नाही. १९४२मध्ये युद्धकाळातल्या कायद्याने हे संरक्षण काढून घेतलं होतं आणि जपानी वंशाचे लोक कुठल्या वस्तीत राहतात याचे आकडे सैन्याला पुरवले गेले. त्या कायद्याची मुदत पुढे संपली, आजचा कायदा कडक आहे. तुमच्या जागी मी असले तर उत्तर देईन, आणि हा इतिहासही लक्षात ठेवेन. शाळा तर प्रवेशासाठी व्हिसाची अट घालूच शकत नाही, १९८२पासून तसा न्यायालयीन निकाल आहे.

एकटेपणा येतो. नोव्हेंबरात इथे घड्याळ एक तास मागे करतात आणि साडेचारला दिवे लावावे लागतात तेव्हा जास्त येतो. त्यावर याहून अधिक लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही.

अजून एक. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला काढाल तेव्हा त्यावर धर्म, जात आणि मातृभाषा हे रकाने असतील. रकान्यात बसवणं अमेरिकेत गेल्यावर सुरू होतं असं नाही, आपण पुण्यातून निघतानाच ते हातात घेऊन निघतो, फक्त पुण्यात त्याची सवय झालेली असते म्हणून टोचत नाही. न्यू जर्सीच्या शाळेला त्यातल्या जातीचं काहीही काम नाही, जन्मतारीख आणि इयत्ता तेवढी लागते. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर पुण्यातच करून घ्या, इकडे महाग पडतं. आणि भाषांतर करणाऱ्याला सांगा, ‘मातृभाषा: मराठी’ ही ओळ वगळू नका.