‘ड्राफ्ट झाला’ : भरती की बोलावणं?

अमेरिकी बेसबॉलवरच्या मजकुराचं मराठी करताना एकांना अडलेलं वाक्य : ‘१९४१ मध्ये हँक ग्रीनबर्ग ड्राफ्ट झाला.’ ‘संघात निवड झाली’ म्हणायचं की ‘भरती झाला’?

निवड नक्कीच नाही. ग्रीनबर्ग तेव्हा डेट्रॉइट टायगर्सचा मुरलेला फलंदाज होता. आणि संघांनी नवख्या खेळाडूंना आपसांत वाटून घेण्याचा, आज बातम्यांत दिसणारा ड्राफ्ट १९६५ पासूनचा. हा ड्राफ्ट लष्कराचा. १९४० च्या कायद्याने तरुणांची नावं नोंदवली, चिठ्ठ्या काढल्या, आणि ज्याचा नंबर लागला त्याला जाणं भाग होतं. (‘मसुदा’ तर दूरच ठेवा!)

‘भरती झाला’ चालेल, पण मला ते पटत नाही. आपल्याकडे पोरं भरतीला आपणहून जातात, त्यासाठी पहाटे उठून धावतात. या शब्दात हौस आहे, सक्ती नाही. ‘सक्तीची सैन्यभरती’ कायद्याबद्दल लिहिताना ठीक. माणसाबद्दल लिहिताना मी ‘लष्कराचं बोलावणं आलं’ असं लिहीन.

हा फरक ग्रीनबर्गच्याच बाबतीत फार कामाचा आहे. मे १९४१ मध्ये त्याला बोलावणं आलं. पुढे अठ्ठावीस वर्षांवरच्यांना सोडायचं ठरलं आणि ५ डिसेंबरला तो सुटला. दोनच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा तो पुन्हा गेला, या वेळी स्वतःहून. म्हणजे आधी ‘बोलावणं’, मग ‘भरती’. दोन्हीकडे एकच शब्द टाकला तर गोष्टीतला जीवच गेला. क्लीव्हलंडचा गोलंदाज बॉब फेलर हल्ल्यानंतर लगेच नौदलात गेला. तोही भरती झाला. फिलाडेल्फियाचा गोलंदाज ह्यू मलकाही मात्र बोलावण्यावर गेला, मार्च १९४१ मध्ये, मेजर लीगमधला (अमेरिकी बेसबॉलच्या सर्वांत वरच्या स्पर्धेतला) पहिलाच. बिचारा हरलेल्या सामन्यांसाठीच जास्त प्रसिद्ध होता.

त्याच मजकुरात पुढे ‘फोर-एफ’ येईल. लष्कराने तब्येतीच्या कारणाने नाकारलेल्यांचा हा वर्ग. युद्धकाळात संघ बऱ्याच अंशी त्यांच्यावर चालले. सेंट लुइस ब्राउन्सकडून १९४५ मध्ये खेळलेल्या पीट ग्रेला एकच हात होता. तरी सरसकट ‘अपंग’ लिहू नका. हृदयाच्या दोषामुळे नाकारला गेलेला डेट्रॉइटचा गोलंदाज हॅल न्यूहाउझर १९४४ आणि १९४५, दोन्ही वर्षी अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) सर्वात मोलाचा खेळाडू ठरला. त्याला ‘मेडिकलमध्ये नापास’ म्हणा. भरतीला जाऊन आलेल्या कुठल्याही पोराला ते लगेच कळेल.