जीसीएस ९ म्हणजे मेंदू ६० टक्के चालू आहे, असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की परवा रात्री पाथर्डी फाट्याजवळ भावाची गाडी घसरली, हेल्मेट नव्हतं, आणि केसपेपरवर 'ई२ व्ही२ एम५, जीसीएस ९' असं लिहिलंय. १५ पैकी ९ म्हणजे मेंदू ६० टक्के चालू आहे का, आणि सिस्टर दर तासाला येऊन त्याला चिमटे का काढतात, झोपू का देत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकमध्येच सिस्टर आहे. आधी कॅज्युअल्टी आणि आता न्यूरो आयसीयू मिळून १४ वर्षं झाली. ते चिमटे मी रोज काढते, म्हणून सविस्तर लिहिते.

टक्के काढू नका. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, पेशंट किती शुद्धीत आहे ते मोजायचे गुण. त्यात शून्य नसतोच. डोळे उघडले नाहीत, आवाज निघाला नाही, हातपाय हलले नाहीत, तरी प्रत्येकाचा १ धरून बेरीज ३ होते. म्हणजे सगळा खेळ ३ ते १५ मधला. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ आणि त्याखाली गंभीर, अशी ढोबळ विभागणी आहे. तुमचा भाऊ मध्यम आणि गंभीर यांच्या अगदी सीमेवर आहे. ८ पर्यंत उतरला तर तो स्वतःचा श्वासमार्ग सांभाळेल याची खात्री राहत नाही, उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून मग घशात नळी घालायचा विचार सुरू होतो. त्याच्यावर एवढी बारीक नजर आहे ती यासाठीच.

ही पद्धत ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या मेंदूच्या सर्जननी १९७४ साली मांडली. त्याआधी एका डॉक्टरची 'गुंगी' दुसऱ्याला 'बेशुद्धी' वाटायची. आपल्याकडे नातेवाईक अजूनही तसंच सांगतात, 'ग्लानीत आहे', 'अर्धवट शुद्धीत आहे'. यातून रात्रीच्या सिस्टरला सकाळच्या सिस्टरपेक्षा फरक पडलाय की नाही हे कळत नाही. त्या दोघांनी सांगितलं की अवस्थेला नाव देऊ नका, पेशंट काय करतो तेवढंच बघा आणि लिहा: डोळे (ई), बोलणं (व्ही), हालचाल (एम).

मी खाटेजवळ गेले की आधी हात न लावता नुसती बघते. डोळे आपोआप उघडे असतील तर ४. नसतील तर हाक मारते, आधी साध्या आवाजात, मग मोठ्याने. हाकेला उघडले तर ३. तरी नाही, तर बोटाच्या टोकाला नखाच्या बाजूने पेन दाबते, दाब हळूहळू वाढवत. त्याला डोळे उघडले तर २. तुमच्या भावाचं हेच ई२. बोलण्याचे गुण ५ पर्यंत: नाव, ठिकाण, महिना बरोबर सांगितला तर ५, बोलतो पण गोंधळलेला तर ४, सुटे शब्द ३, नुसतं कण्हणं २. तो कण्हतोय, म्हणून व्ही२.

हालचालीचे गुण ६ पर्यंत आहेत, आणि तिन्हींत मला सगळ्यात बोलका वाटतो तो हाच भाग. 'जीभ बाहेर काढा', 'माझा हात दाबा आणि सोडा' हे केलं तर ६. ('सोडा' मुद्दाम म्हणायचं. तळहातात बोट दिलं की बेशुद्ध माणूसही नकळत मूठ आवळतो, आणि नातेवाईकांना वाटतं त्याने ओळखलं.) ते जमलं नाही तर मानेपासून खांद्याकडे जाणारा स्नायू चिमटीत धरते किंवा भुवईखालच्या खाचेत अंगठा दाबते. त्यावर पेशंटचा हात गळपट्टीच्या हाडाच्या वर येऊन माझा हात ढकलायला बघत असेल तर ५. हात नुसता झटकन मागे घेतला तर ४. कोपरात संथपणे, विचित्र आखडून छातीवर आला तर ३. हात कोपरात ताठ झाला तर २. भावाचं एम५ आहे, म्हणजे कुठे दुखतंय हे त्याच्या मेंदूला कळतंय आणि तिथवर हात कसा न्यायचा हेही जमतंय. ४, १, ४ अशीही बेरीज ९ होते, पण तो पेशंट वेगळा असतो. म्हणून डॉक्टरांना एकूण आकडा विचारू नका, तिन्ही आकडे विचारा.

आता झोपू का देत नाही ते. कवटी ही बंद पेटी आहे. आत रक्त साचलं किंवा सूज आली की थोडा वेळ मेंदूभोवतीचं पाणी आणि शिरांमधलं रक्त बाजूला सरून जागा करून देतं. ती जागा संपली की दाब एकदम चढतो. बाहेरून हे चढणं दिसायची पहिली जागा म्हणजे हे आकडे. झोपलाय की खाली चाललाय, हे उठवल्याशिवाय कळत नाही. काल दुपारी ९ आणि आज सकाळी ११ ही चांगली बातमी. काल १४ आणि आज १२ ही धावपळीची बातमी, १२ हा ९ पेक्षा मोठा असला तरी.

त्याबरोबर टॉर्चने डोळ्यांच्या बाहुल्या बघतो. एक बाहुली मोठी होऊन प्रकाशाला आकसेनाशी झाली तर बहुतेक वेळा त्याच बाजूने मेंदू खाली सरकून नस दाबतोय, असा धोका असतो. २०१८ पासून टीसडेल यांच्याच गटाने जीसीएसमधून प्रतिसाद न देणाऱ्या बाहुल्यांची संख्या वजा करायची पद्धतही सुचवली आहे. बीपी वाढतंय आणि नाडी मंदावतेय, श्वास अनियमित होतोय, ही उशिराची खूण. तिथपर्यंत थांबायचं नसतं.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची एक रात्र मी विसरले नाही. तेव्हाच्या हॉस्पिटलमध्ये पंचविशीतला मुलगा आणला, दारूचा वास, कपाळाला छोटी खोक. आल्या आल्या बडबडत होता, शिव्या देत होता, म्हणजे बोलणं ४ होतं. नंतर घोरायला लागला. सगळे म्हणाले, उतरली की उठेल. मीही तक्त्यावर 'झोपला आहे' असं लिहिलं, एकदा नाही, दोनदा. पहाटे ४ वाजता टॉर्च मारला तर उजवी बाहुली हलेना. सीटीत उजवीकडे कवटीच्या आतून चिकटलेला पांढरा, भिंगासारखा फुगलेला डाग होता. कानावरचं हाड तडकून आतली धमनी फाटलेली. अशा रक्तस्रावात पुष्कळदा माणूस आधी शुद्धीत असतो, बोलतो, आणि मग काही तासांत खाली जातो. ऑपरेशन झालं, तो वाचला, पण डावा हात पूर्वीसारखा राहिला नाही. त्या दिवसापासून 'झोपला आहे' हे शब्द मी तक्त्यावर लिहिलेले नाहीत. डोक्याला मार आणि दारू दोन्ही असेल तर आधी मार धरायचा.

उलटही होतं. निफाडकडून द्राक्षबागेत पडलेला एक शेतकरी आणला, डोक्याला माती, सगळ्यांना वाटलं शिडीवरून पडला. दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, अंगाला औषधाचा वास. फवारणीची विषबाधा निघाली. आणि प्रत्येक बेशुद्ध माणसाची साखर आधी तपासायची, कारण साखर उतरली की हुबेहूब असंच दिसतं.

नाशिकमध्ये भाषेचाही घोळ होतो. कळवणकडच्या एका आजोबांना डॉक्टर मराठीत विचारत होते, ते आपले 'माले घर जावानं शे' एवढंच म्हणत होते. कागदावर 'असंबद्ध बोलणं' आलं. आजोबा अहिराणीत अगदी सुसंगत बोलत होते, त्यांना घरी जायचं होतं, आणि त्यांना कमी ऐकू येत होतं. सातपूर, अंबडच्या कारखान्यांतल्या बिहारी मुलांचंही असंच होतं. बोलण्याचे गुण द्यायचे तर पेशंटच्या भाषेत विचारावं लागतं.

म्हणून तुम्ही बाहेर बसून नुसती वाट बघू नका. पडल्यावर तो लगेच बेशुद्ध झाला की आधी बोलत होता, उलट्या किती झाल्या, फिट आली का, हे वेळेसकट डॉक्टरांना सांगा. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची दुसरी गोळी चालू असेल तर आत्ताच सांगा, त्याने रक्तस्राव वाढतो. डावखुरा आहे का, एखादा डोळा आधीपासून अधू किंवा ऑपरेशन झालेला आहे का, तेही. तोंडातून पाणी पाजू नका. सीटी पुन्हा काढायला सांगितला तर खर्चासाठी अडून राहू नका. पहिला लवकर काढलेला असेल तर रक्त त्यानंतर वाढलेलं असू शकतं. आणि 'सूज उतरायचं स्टिरॉइड द्या' असा आग्रह धरू नका. २००४ मध्ये १०,००० हून अधिक पेशंटच्या अभ्यासात डोक्याच्या इजेत स्टिरॉइडने मृत्यू वाढल्याचं दिसलं, तेव्हापासून ते देत नाहीत. ऑक्सिजन आणि बीपी पडू न देणं हेच या दिवसांतलं मोठं औषध आहे. वरून साधं दिसतं, पण त्यावर आमचा जीव लागलेला असतो.

किती दिवसांत शुद्धीवर येईल, हे एकट्या ९ वरून कुणीच सांगू नये. वय, बाहुल्या, सीटी आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत आकडे कुठे जातात, यावर ते आहे. एम५ टिकून आहे आणि बाहुल्या दोन्हीकडे सारख्या आकसतायत का, एवढं आज राउंडला विचारा.

आणि त्याला घरात काय म्हणून हाक मारता ते सिस्टरला सांगा. आधार कार्डावरच्या नावाने हाका मारूनही डोळे न उघडणारे पेशंट 'ए बाळ्या' म्हटल्यावर डोळे उघडताना मी पाहिलेत. तसं झालं तर ई२ चा ई३ होईल, आणि तो खरा असेल.