एफडी मोडण्याआधी सेशनच्या खोलीत बसा

ताई, तुमचं पत्र थोडक्यात असं: मुलगा चार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सेंटरनं आठवड्याला 15 तासांची बिहेवियर थेरपी (वागणूक आणि संवाद शिकवणारी) सांगितलीय. दरमहा 24,000, नाहीतर वर्षाचे एकदम 2,44,800. पालकांनी बाहेर बसायचं. एकदम भरायचे तर साडेचार लाखांची एफडी मोडावी लागेल, आणि इंदिरानगरहून ने-आण करायला तुम्ही 28,000 ची नोकरी सोडायच्या विचारात आहात.

दोन्ही करू नका. सवलत खरी आहे, 43,200 वाचतात. एफडीचं बुडणारं व्याज त्याहून कमीच. पण चौथ्या महिन्यानंतर थेरपिस्ट सोडून गेली किंवा मुलगा रमलाच नाही, तर 96,000 ची थेरपी झालेली आणि 1,48,800 अडकलेले. नोकरी सोडलीत तर वर्षाला 3,36,000 जातील, म्हणजे पॅकेजपेक्षाही जास्त. मिस्टरांच्या 62,000 मधून घराचा हप्ता 19,500 आणि घरखर्च 33,000 वजा केला की उरतात 9,500. त्यात थेरपी बसत नाही. तुमचा पगार धरला तर 24,000 देऊनही 13,500 शिल्लक राहतात. ने-आणीला ठरलेली रिक्षा लावा, सोबत सासूबाई. महिन्याला चार-पाच हजार गेले तरी नोकरीपेक्षा स्वस्त.

मला जास्त खटकलं ते ‘पालकांनी बाहेर’. सेंटरचे 15 तास सोडले तर मुलाचे जागेपणीचे सत्तरेक तास तुमच्याकडे जातात. सेंटरमध्ये कार्ड बघून ‘पाणी’ म्हणणारा मुलगा घरी तहान लागली तरी गप्प राहतो, कारण घरी मागायच्या आधीच पेला हातात येतो. शिवाय एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं या मुलांना आपोआप जमत नाही. घट्ट झाकणाचा बिस्किटांचा डबा घ्या. डबा त्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. मनात पाचपर्यंत मोजा. त्यानं डबा तुमच्याकडे सरकवला, बोट दाखवलं, नुसतं ‘उघ’ म्हटलं तरी लगेच उघडा, पण अर्धंच बिस्कीट द्या, म्हणजे पुन्हा मागायला कारण उरतं. हे तोंडी ऐकून जमत नाही. थेरपिस्टसमोर करून दाखवायचं, तिनं चूक तिथेच सांगायची.

रडल्यावर मोबाईल हातात देण्याचंही तसंच. द्यायचं बंद केलं की पहिले काही दिवस रडणं वाढतं, आणि नेमकं तेव्हाच घरातलं कोणीतरी विरघळतं. मग मुलगा शिकतो की इतकं रडलं की मिळतं. म्हणून सासूबाईही आत हव्यात.

पैसे भरण्याआधी सेंटरकडून लेखी घ्या: महिन्याचे महिन्याला पैसे, न झालेल्या सेशनचे परत, दर महिन्याची उद्दिष्टं आणि थेरपिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक. 15 पैकी निदान दोन तास पालक खोलीत, त्यातला एक शनिवारी, तुमच्या सुट्टीच्या दिवशी. एकूण तास किती हवेत हे विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडून लिहून आणा. ते ठरवणं माझं काम नाही आणि सेंटरच्या विक्रीवाल्याचंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा पालक-प्रशिक्षण कार्यक्रम 9 गटसत्रं आणि 3 गृहभेटींचा आहे, तेव्हा पालकांना शिकवणं हे काही न संपणारं काम नाही. आत यायला साफ नकार देणारं सेंटर सोडा.

कराचं एक सांगतो, कारण एजंट तुम्हाला 80 डीडी, म्हणजे घरातल्या अपंग व्यक्तीसाठीची आयकर वजावट, दाखवतीलच. 40 टक्क्यांपासून अपंगत्व असल्यास 75,000, तीव्र असल्यास 1,25,000 वजावट, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो आणि तुम्ही दोघेही त्याच्या आत आहात. वजावटीसाठी जुन्या प्रणालीत जाण्यात काहीच हशील नाही.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मात्र काढाच. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी, अर्ज यूडीआयडी या सरकारी अपंगत्व-ओळखपत्राच्या पोर्टलवर. त्यावर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना घेता येते, वर्षाला एक लाखापर्यंत. थेरपीला त्यात वेगळी मर्यादा असते आणि पैसे आधी आपण भरून मग मागायचे, म्हणून सेंटरच्या पावतीवर मुलाचं नाव, तारीख आणि सेशनचा प्रकार लिहून घ्या. ‘पॅकेज’ एवढंच लिहिलेली पावती परत येते.