ख्रिस्ती विश्वासावर कुठली पुस्तकं वाचू? (उत्तर लांब आहे, चहा घेऊन बस)

सलाम. प्रश्न असा आहे की नोकरीसाठी पुण्यात एकटा राहतोस, रविवारी उपासनेला जातोस पण विश्वास आईबाबांचा वाटतो, स्वतःचा वाटत नाही, आणि कुणीकुणी सुचवलेली इंग्रजी पुस्तकं मागवली ती सगळी चाळीसेक पानांवर सुटली, तर आता काय वाचू, मराठीत असलं तर बरं. चर्चच्या पाळकाच्या कामात हा प्रश्न मला सारखा येतो, तरुण संघात तर हमखास, म्हणून सविस्तरच लिहितो.

आधी नवीन काही मागवू नकोस, मार्क वाच, म्हणजे बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान. हसू नकोस, शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गात, तुकड्यातुकड्याने ऐकलंय सगळ्यांनी, पण एका बैठकीत सलग किती जणांनी वाचलंय? सोळा अध्याय आहेत, मोठ्याने वाचलंस तरी दीड-दोन तासांत होतो. नवव्या अध्यायात तो आजारी मुलाचा बाप येतो ना, विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात माझा अविश्वास घालवा असंही म्हणतो, तिथे थांब जरा. येशू त्याला आधी विश्वास पक्का करून ये असं सांगत नाही, मुलाला बरं करतो. तुझा प्रश्न मला त्या बापाच्याच जातीचा वाटतो.

मग लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे. तू म्हणशील हे तर मराठीच्या अभ्यासाचं पुस्तक, धडा होता शाळेत. तेच तर झालंय, आपल्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या लोकांनी ते साहित्यवाल्यांना देऊन टाकलंय. अरे, विश्वास दुसऱ्याचा असणं आणि आपला होणं यात काय काय घडतं ते त्यात जितकं दिसतं तितकं मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात दिसलं नाही. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, बायकोच्या पायाखालची जमीनच सरकली, पुढे काही वर्षं ती वेगळी राहिली. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून मीही झाले असं तिने केलं नाही. आणि बाई आल्या कुठल्या घरातून? वडिलांचं सोवळं असं की घरात आलेलं मीठसुद्धा धुतलं जायचं! त्या घरातली मुलगी एक दिवस स्वतःच बसून विचार करते की या जाती देवाने केल्या की माणसाने, आणि माणसाने केल्या असं पटल्यावर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार होते. कुणी प्रवचन दिलं नव्हतं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. शिवाय पुस्तक विनोदी आहे, नवऱ्याच्या विसराळूपणाची आणि उधळ्या हाताची अशी फिरकी घेतलीय की एकट्याने वाचतानाही हसशील. फक्त संपूर्ण आवृत्ती घे, संक्षिप्तही मिळते, ती नको.

टिळकांचं वाचायचं तर ख्रिस्तायनापासून, म्हणजे ख्रिस्तावरच्या त्यांच्या महाकाव्यापासून, सुरू करू नकोस. ते त्यांच्या हातून अर्धवट राहिलं, लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्ण केलं, मोठं आहे, नंतर बघ. त्यांची गीतं उपासना संगीत या चर्चच्या गीतपुस्तकात आहेतच, घरी असेल ते पुस्तक. रोज रात्री एक गीत न गाता नुसतं वाच, चालीच्या नादात शब्दांकडे आपलं लक्षच नसतं. फादर स्टीफन्सचं मराठी ओव्यांतलं ख्रिस्तपुराण 1616 चं, मराठीच्या कौतुकाची ती एक ओवी सगळे स्टेजवर म्हणतात आणि पुढे कुणी वाचत नाही, पण खरं सांगायचं तर तुझ्या आत्ताच्या प्रश्नाला ते लगेच उपयोगी नाही.

आता बाहेरची. ऑफिसमुळे वेळ नाही म्हणतोस, तर ब्रदर लॉरेन्सचं देवाच्या सान्निध्यावरचं छोटं पुस्तक घे. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात हा माणूस स्वयंपाकघरात राबायचा, आधी सैन्यात होता. त्याचं म्हणणं एवढंच की प्रार्थनेची वेळ वेगळी आणि भांड्यांची वेगळी असं काही नसतं. त्याने स्वतः पुस्तक लिहिलंच नाही, त्याची पत्रं आणि त्याच्याशी झालेली बोलणी दुसऱ्याने गोळा केली, म्हणून कुठूनही उघडलं तरी चालतं.

मंडळीतल्या भांडणांनी वैतागलोय असंही तू शेवटी ओझरतं लिहिलंयस. त्यावर बॉनहॉफरचं लाइफ टुगेदर. हिटलरच्या काळात हा जर्मन पाळक फिंकनवाल्डला चोरून पाळक तयार करत होता, 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ते बंद पाडलं, आणि तिथल्या एकत्र राहण्याच्या अनुभवावर हे पुस्तक 1939 मध्ये आलं. 1945 मध्ये त्याला फाशी दिली. तो म्हणतो, ज्याला खऱ्या मंडळीपेक्षा मनातली आदर्श मंडळी जास्त प्यारी असते तोच मंडळी मोडतो, त्याचा हेतू कितीही चांगला असो. आमच्या कमिटीच्या निवडणुकीआधी हे प्रकरण सगळ्यांना वाचायला लावावं असं मला फार वाटतं, पण ऐकतंय कोण! पुस्तक पातळ आहे पण भरभर वाचायचं नाही, एका वेळी दोन-तीन पानं पुरे.

संत ऑगस्टीनचं कबुली (कन्फेशन्स) हे पुस्तक पण सुचवेन. आई मोनिका विश्वासात, पोरगा वर्षानुवर्षं भलतीकडेच, म्हणजे तुझाच विषय. तेरा भाग आहेत, पहिल्या नऊ भागांत त्याच्या आयुष्याची गोष्ट आहे, तेवढेच वाच, पुढचे राहू देत. सी. एस. लुईसचं मीअर ख्रिश्चॅनिटी सगळे सुचवतात, महायुद्धातल्या रेडिओ भाषणांवरून झालेलं, चांगलंच आहे, पण ते जास्त करून देव आहे का असं विचारणाऱ्यासाठी, तुझी अडचण ती दिसत नाही.

आणि ती आशीर्वादाच्या सात पायऱ्या, अमुक दान पेरा की शंभरपट मिळेल वगैरे टाइपची जी पुस्तकं मिळतात ना, ती कुणी फुकट दिली तरी नको. आजारी माणसाच्या घरी बसून मी त्यांचा परिणाम पाहिलाय, बरं वाटलं नाही की लोक त्यालाच म्हणतात तुझा विश्वास कमी पडला, म्हणजे दुखणं आहेच वर हा दोष.

एकाच वेळी सगळी मागवू नकोस मात्र. मार्क आणि स्मृतिचित्रे एवढंच या पावसाळ्यात, आणि जमलं तर तुमच्या तरुण संघातल्या कुणाला तरी सोबत घे, पंधरा दिवसांनी भेटून बोला. लॉरेन्स आणि बॉनहॉफरचं सोपं इंग्रजी भाषांतर बघून घे, जुन्या इंग्रजीत अडकलास की परत चाळीसाव्या पानावर सोडशील. मार्क झाला की इथेच लिही काय वाटलं ते.